उमेदवार कोण ठरवतं, तेही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत निवडणूक आली की आपल्याकडच्या वृत्तपत्रांत अध्यक्षपदाच्या उमेदवारांची भाषणं, टीव्हीवरच्या चर्चा आणि लाल-निळ्या राज्यांचे नकाशे भरभरून येतात. मी २६ वर्षं न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहते, इथली नागरिक आहे आणि गेली काही वर्षं मतदान केंद्रावर कामही करते. ते सगळं वाचताना दर वेळी वाटतं की नोव्हेंबरची लढत वाचकांना कळते, पण ते उमेदवार तिथवर आले कसे, हे राहूनच जातं. माझ्यासाठी तोच प्रश्न मोठा आहे, आणि त्याचं कारण घरातलं आहे.

माझे वडील, अण्णा, तासगाव तालुक्यात एका पक्षाचे ३० वर्षं कार्यकर्ते होते. सभेच्या सतरंज्या घालण्यापासून बूथ सांभाळण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. १९९७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत तिकीट त्यांनाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी ते कचेरीबाहेर एबी फॉर्मची, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या पत्राची, वाट बघत उभे राहिले. फॉर्म आला, तो दुसऱ्याच्याच नावाचा. कुणी ठरवलं आणि का, हे त्यांना कधीच कुणी सांगितलं नाही.

इथे एबी फॉर्म ही भानगड नाही. पक्षाचा उमेदवार मतदारच ठरवतात, प्रायमरीत, म्हणजे उमेदवार निवडण्यासाठी आधी होणाऱ्या मतदानात. न्यू जर्सीत ती साधारणपणे जूनमध्ये असते. पक्षाचं सदस्य व्हायला वर्गणी नाही, पावतीपुस्तक नाही. सरकारी मतदार यादीत नावापुढे पक्ष लिहिला जातो, तेवढं पुरतं. प्रायमरीही सरकारी यंत्रणाच घेते. पुरेशा सह्या गोळा केल्या की कुणीही उभं राहू शकतं, आणि जिंकला तर वरिष्ठांना तो आवडो न आवडो, पक्षाचा उमेदवार तोच. १९११ साली वुड्रो विल्सन गव्हर्नर, म्हणजे राज्याचे निवडून आलेले प्रमुख, असताना इथे त्यासाठी कायदा झाला. पुढाऱ्यांच्या हातून तिकीटवाटप काढून घेणं, हाच त्यामागचा हेतू होता.

पण पुढारी वाट काढतातच, हे मला अण्णांनी दाखवलं.

२०१७ च्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले होते. मतदानाआधी इथे घरोघरी नमुना मतपत्रिका टपालाने येते. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून ते चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. गव्हर्नरपदासाठी फिल मर्फी यांचं नाव एका रकान्यात वर, आणि त्याच रकान्यात खाली ओळीने बाकीच्या पदांचे उमेदवार. जॉन विस्निएव्स्की हे आमच्याच मिडलसेक्स काउंटीतले (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), पूर्वी डेमोक्रॅटिक पक्षाचे राज्याध्यक्ष राहिलेले. पण त्यांचं नाव वेगळ्या रकान्यात. अण्णांनी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "याला बाजूला का काढलाय?" मी इतकी वर्षं मत देत होते, पण मला हा प्रश्न पडला नव्हता.

त्या रकान्याला इथे ‘काउंटी लाइन’ म्हणत. काउंटीतल्या पक्षसंघटनेने ज्यांना पाठिंबा दिला ते सगळे एका रांगेत, बाकीचे कुठेतरी कडेला. त्या कडेच्या जागेला लोक ‘बॅलट सायबेरिया’ म्हणायचे. राज्यातल्या २१ पैकी १९ काउंट्यांत ही पद्धत होती. मत देणारा वरचं एक ओळखीचं नाव बघतो आणि त्याच रांगेत खाली उतरत जातो. म्हणजे कायद्याने तिकीट मतदारांच्या हातात, आणि छपाईने परत काउंटीच्या पुढाऱ्यांच्या हातात.

ही पद्धत मोडली अँडी किम यांनी, ते तेव्हा न्यू जर्सीचे डेमोक्रॅटिक खासदार होते. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांच्याच पक्षाचे सिनेटर मेनेंडेझ यांच्यावर लाचखोरीचे आरोप दाखल झाले आणि दुसऱ्याच दिवशी किम यांनी त्यांच्या जागेसाठी उमेदवारी जाहीर केली. पुढे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांच्या पत्नी टॅमी मर्फी रिंगणात उतरल्या आणि मोठमोठ्या काउंट्यांचे पुढारी त्यांच्या मागे उभे राहिले. किम कोर्टात गेले. २९ मार्च २०२४ रोजी न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी ‘लाइन’ वापरायला मनाई केली. टॅमी मर्फींनी त्याआधीच माघार घेतली होती. किम आज सिनेटर आहेत, आणि २०२५ पासून राज्यात कायद्यानेच मतपत्रिकेची मांडणी बदलली: एका पदाचे सगळे उमेदवार एकत्र.

१० जून २०२५ ला, नव्या मतपत्रिकेवर गव्हर्नरपदाची पहिली प्रायमरी झाली, तेव्हा मी पहाटे सव्वापाचला केंद्रावर हजर होते. डेमोक्रॅटिक बाजूला सहा उमेदवार, सगळे एका ठिकाणी. मला फार आनंद झाला होता. आणि दिवसभरात वाईटही वाटलं, कारण आपली माणसं थोडी आली. जी आली त्यांतल्या काहींच्या नावापुढे पक्ष लिहिलेला नव्हता. अशांना इथे त्याच दिवशी टेबलावर पक्ष सांगून मत देता येतं. एक काका म्हणाले, "आम्हाला कुठल्या पक्षात पडायचं नाही," आणि मत न देताच परत गेले. नोव्हेंबरमध्ये हेच काका रांगेत उभे होते. तोपर्यंत निवड मुख्यतः दोघांवर येऊन ठेपली होती.

प्रायमरीत सगळं सोनं आहे, असं मी म्हणत नाही. इथे पक्षांतरबंदी कायदा नाही आणि व्हिप मोडला म्हणून सदस्यत्व जात नाही. २०१७ मध्ये जॉन मॅककेन यांनी आपल्याच पक्षाचं आरोग्यविम्याचं विधेयक पाडलं, तरी ते सिनेटमध्ये राहिले. पण व्हिपची जागा प्रायमरीच्या भीतीने घेतली आहे. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने प्रतिनिधीगृहातल्या १० रिपब्लिकनांनी मत दिलं. त्यांतले चार पुन्हा उभेच राहिले नाहीत, लिझ चेनींसह चार प्रायमरीत पडले. २०२२ मध्ये निवडून आले ते फक्त दोन, एक कॅलिफोर्नियाचे आणि एक वॉशिंग्टन राज्याचे. या दोन्ही राज्यांत प्रायमरीत सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोन पुढे जातात, म्हणजे कट्टर समर्थकांबाहेरचे मतदारही तिथे मत देऊ शकतात. मतपत्रिका कशी छापायची आणि ती कुणाला द्यायची, यावर माणसाचं धाडस टिकणार की नाही, हे ठरतं. दहा आणि दोन, हे आकडे शेजारी ठेवले तेव्हा मी हादरले होते.

महाराष्ट्रात प्रायमरी आणा, असं मी इथे बसून सुचवणार नाही. पण गावच्या गटातला उमेदवार कुणी निवडला, कुणाकुणाला विचारून निवडला, एवढं पक्षाने छापील कागदावर सांगावं, हे मागायला काय हरकत आहे? अण्णांना तेवढंही कधी मिळालं नाही.

आपल्याला विनंती एकच. पुढच्या वेळी अमेरिकेवर पान काढाल तेव्हा नकाशाशेजारी एका प्रायमरीची मतपत्रिकाही छापा. अण्णांनी पेन्सिलीने खुणा केलेली २०१७ ची नमुना मतपत्रिका आणि २०२५ ची नवी, दोन्ही माझ्याकडे जपून ठेवलेल्या आहेत. कळवलंत तर लगेच छायाचित्रं पाठवते.

आपली विश्वासू,
एक वाचक
(मूळ तासगाव, सध्या एडिसन, न्यू जर्सी)