लकवा झालेल्याला एमआरआयच्या रांगेत बसवू नका

मा. संपादक,
स. न.

आपल्या आरोग्य पुरवणीतल्या लेखात 'लकव्यात एमआरआय हीच सर्वोत्तम तपासणी' असे वाक्य वाचले. मी वीस वर्षे सीटी आणि एमआरआय काढणारा तंत्रज्ञ आहे. हे वाक्य घाबरलेल्या नातेवाइकांच्या हाती पडले की काय होते, ते मी घरातच पाहिले.

गुठळीने रक्त अडून मेंदूचा जो भाग मेला, तो एमआरआयवर लवकर आणि स्पष्ट दिसतो, हे खरेच. पण डॉक्टरांना हवे असते ते दुसरे: रक्त कमी मिळूनही अजून जिवंत असलेला भाग किती? 100 ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे 50 मिलिलिटर रक्त लागते. ते 20च्या खाली गेले की पेशी काम थांबवतात, पण तग धरतात. 10च्या खाली गेले की थोड्याच वेळात मरतात. वाचवायचे ते या दोन आकड्यांमधले.

हा प्रवाह मोजण्याचे प्रमाण मानतात ते किरणोत्सारी ऑक्सिजनचे पेट स्कॅन. पण तो ऑक्सिजन दर 2 मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून तो बनवणारे यंत्र शेजारीच लागते. सीटी परफ्युजन, म्हणजे मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणारा सीटी, यात शिरेतून डाय (रंगद्रव्य) सोडून मिनिटभर तोच भाग पुन्हा पुन्हा टिपतात. काम झटपट होते, मात्र रुग्णाने डोके हलवले किंवा हृदय कमजोर असले की आलेख बिघडतो. पहिल्या काही तासांत तर जिवंत भागही कधी मेलेला दिसतो. एमआरआयची एएसएल पद्धत डायशिवाय होते, किडनीच्या रुग्णांना सोयीची. त्यात मानेतल्या रक्तावर चुंबकाने खूण करतात. गुठळीमुळे रक्त आडवाटेने उशिरा पोहोचले तर वाटेतच ती खूण पुसट होते आणि प्रवाह आहे त्याहून कमी दिसतो.

म्हणजे प्रत्येक पद्धतीत खोट आहे. 2018च्या डिफ्यूज-3 अभ्यासात परफ्युजन पाहून झटक्यानंतर 6 ते 16 तासांतल्या रुग्णांची निवड केली. गुठळी नळीने काढलेल्या 100 पैकी 45 जण पुढे स्वतःचे स्वतः करू शकले, फक्त औषधांवर ठेवलेल्यांपैकी 17. पण 2023मध्ये नेदरलँड्सच्या एमआर क्लीन-लेट अभ्यासात सीटी अँजिओग्राफीवर (डाय सोडून रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) गुठळीला वळसा घालून रक्त नेणाऱ्या आडवाटेच्या रक्तवाहिन्या दिसतात का, एवढे पाहून रुग्ण निवडले, तेही 6 ते 24 तासांतले. आणि गुठळी काढण्याचा फायदा दिसलाच. साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे तर साधा सीटीही पुरतो. जिल्ह्याच्या ठिकाणी ज्यांच्याकडे फक्त सीटी आहे, त्यांच्यासाठी मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

माझ्या मामांना पहाटे झटका आला. रुग्णालयात सीटी होता, तरी 'एमआरआयच चांगला' म्हणून घरच्यांनी हट्टाने त्यांना दुसऱ्या केंद्रावर नेले. छातीत पेसमेकर आहे, आणि एमआरआयच्या चुंबकाने तो बिघडू शकतो, हे तिथल्या दारात कोणीतरी विचारले तेव्हा कळले. परत येईपर्यंत दीड तास गेला होता. मामा आहेत, पण उजवा हात उचलत नाही आणि मला हाक मारताना नाव सापडत नाही.

म्हणून विनंती, त्या लेखाला दुरुस्ती जोडावी. नातेवाइकांनी दोनच प्रश्न विचारावेत: सीटी आणि अँजिओग्राफी इथेच, आत्ता होईल का? आणि गरज पडल्यास गुठळी काढायला कुठे पाठवाल? जाताना पेसमेकर, किडनीचा आजार आणि रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहून न्यावी. ती वेळ मी प्रत्येकाला विचारतो. बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

आपला,
एक सीटी-एमआरआय तंत्रज्ञ, सातारा