पट्टा आणि भूल, दोन्ही जपून

संपादक महोदय,

मुंबईतल्या फ्लॅटमध्ये कारवानी, मुधोळ, ग्रेहाउंड किंवा व्हिपेट अशा सडपातळ शिकारी जातींचा कुत्रा पाळताना पहिली गफलत होते ती पट्ट्याची. यांचं डोकं मानेच्या मानाने अरुंद असतं. कुत्रा मागे सरकला की साधा पट्टा कानांवरून निघतो. रुंद मार्टिंगेल पट्टा, म्हणजे ओढल्यावर मर्यादित आवळणारा पट्टा, घ्यावा. ताणल्यावर त्याच्या दोन्ही कड्या एकमेकींना टेकत असतील तर तो सैल आहे, तोही निसटेल. लांबत जाणारी दोरी तर नकोच. मांजर दिसताच कुत्रा सुसाट सुटतो आणि दोरी संपते तिथे सगळा हिसका मानेला बसतो.

अंगावर चरबी नसल्याने लादीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात. तीन-चार इंच जाड गादी द्यावी. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं ही उपासमार नव्हे, सोसायटीतल्यांनी मालकाला बोल लावू नयेत.

सर्वांत काळजीची बाब भुलीची. थायोपेंटालसारखी औषधं ग्रेहाउंडच्या शरीरातून फार सावकाश उतरतात, म्हणून शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना कुत्र्याची जात आवर्जून सांगावी. ग्रेहाउंडच्या रक्ततपासणीत टी-४ हे थायरॉइडचं संप्रेरक मुळातच कमी येतं. केवळ त्या आकड्यावरून थायरॉइडच्या गोळ्या सुरू करू नयेत.

– एक श्वानपालक, मुलुंड