बारा तास मागण्याआधी बंद मशीनचा हिशोब दाखवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कारखान्यातल्या कामाची रोजची मर्यादा नऊवरून बारा तासांवर न्यायला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादाही ११५ तासांवरून १४४ तासांवर. तेव्हापासून उद्योजक म्हणतात उत्पादकता वाढेल, युनियनवाले म्हणतात पिळवणूक वाढेल. माझी नोकरी भोसरीच्या एमआयडीसीत, प्रेसशॉपमध्ये (प्रेस मशीनवर पत्र्याचे नग काढतात त्या विभागात) गेली. आधी सेटर (मशीनवर डाय, म्हणजे साचा, बसवणारा), मग सुपरवायझर. मला दोघांनाही एकच विचारायचं आहे. आज जे तास मिळतात, त्यातला किती वेळ मशीन खरोखर चालतं? हा आकडा किती मालकांकडे लिहिलेला आहे?

दीडशे टनी प्रेस धरा. पत्र्याची पट्टी सरकवत मिनिटाला २० स्ट्रोक, म्हणजे २० नग. एक डाय उतरवून दुसरी चढवायला दोन तास लागले, तर २,४०० नग बुडाले. दिवसातून दोनदा डाय बदलली की अर्धी शिफ्ट तिथेच गेली. आता हे दोन तास कशात जातात ते पाहा. हवी ती डाय रॅकमध्ये मागे, तिच्यावर दुसऱ्या दोन. डाय उचलणारा होइस्ट शेडच्या पलीकडच्या भागात, म्हणजे बेमध्ये, अडकलेला. तो आला की कळतं, या डायची उंची निराळी, म्हणजे क्लॅम्पखाली पॅकिंग (आधाराचे तुकडे) वेगळं लागणार. ते भंगाराच्या ढिगातून शोधायचं. सगळ्या बेमध्ये ३६चा पाना एकच, आणि तो मेंटेनन्सवाल्याने नेलेला. एवढं करून डाय बसली, शट हाइट (प्रेस मिटल्यावर उरणारी उंची) जुळली, पहिला नग काढला, की क्यूसीचा, म्हणजे दर्जा तपासणारा, माणूस दुसऱ्या लाइनवर. त्याने ‘ओके’ म्हटल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ओके मिळालं, तर स्टोअरमधून पट्टी आलेली नाही, कारण स्लिपवर सही नाही.

या सगळ्या वेळात ऑपरेटर मशीनपाशी हाताची घडी घालून उभा असतो. वरच्या केबिनच्या काचेतून तेवढंच दिसतं. ‘माणसं कामच करत नाहीत’ हे मत तिथून तयार होतं.

आमच्याकडे एक जुने सेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते एकच सांगत, ‘साहेब, मला घाई करायला लावू नका, डाय आधी आणून ठेवा.’ बरीच वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. मग कंपनीने एक सल्लागार आणला. त्याने पडद्यावर शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरचं काम दाखवलं. १९६९ साली टोयोटात हजार टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत, ते त्यांनी आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणले. त्यातली मुख्य गोष्ट एवढीच, की मशीन बंद ठेवूनच करावी लागतात ती कामं कोणती आणि चालू असताना उरकता येतात ती कोणती, हे आधी वेगळं काढायचं. मागच्या बाकावरून मामा म्हणाले, ‘हे मी फुकटात सांगत होतो.’

त्यानंतर जे झालं त्यात नवं मशीन एकही नव्हतं. टूलरूमने डायखाली पॅरलल (आधाराचे ठोकळे) बसवून सगळ्यांची उंची एक केली, क्लॅम्प धरतो ती कड एकाच जाडीची केली, त्यामुळे पॅकिंग शोधणं संपलं. बोल्स्टरवर, म्हणजे प्रेसच्या टेबलावर, स्टॉपर लावले. डाय सरकवली की जागेवर. प्रत्येक प्रेसला स्वतःचा पाना, साखळीने बांधलेला. चालू जॉबची शेवटची बिन भरायच्या आत पुढची डाय ट्रॉलीवर मशीनशेजारी हजर, आणि क्यूसीला निरोप आधीच गेलेला. दोन तासांचं काम अर्ध्या तासाच्या आत आलं. कुणाचाही घाम जास्त गळला नाही, उलट कमीच.

प्रत्येक प्रेसशेजारी एक काळा फळाही टांगला. मशीन थांबलं की ऑपरेटरने खडूने वेळ आणि कारण लिहायचं: डाय, मटेरियल, होइस्ट, क्यूसी, वीज, माणूस. यातलं ‘माणूस’ हे कारण क्वचितच दिसायचं. ‘मटेरियल’ आणि ‘डाय’ने फळे भरून जायचे. ही खाती ऑपरेटरची नाहीत, केबिनमधली आहेत. कस्टमरचं ऑडिट आलं की फळे पुसून ठेवायचे आदेश निघत, यावरून काय ते समजा.

लहान मालकांची बाजूही सांगितली पाहिजे. भोसरीतला दहा प्रेसवाला माणूस मोठ्या कंपनीच्या तालावर नाचतो. संध्याकाळी फोन येतो, ‘तो नग थांबवा, हे तीनशे आधी द्या.’ चालू सेटिंग मोडायचं, डाय बदलायची, सकाळी पुन्हा पहिली चढवायची. कायद्याने लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. ते तसे मिळाले तर दुसरा होइस्ट घ्यायची हिंमत तरी होईल. उत्पादकतेवर भाषणं देणाऱ्या बड्या कंपन्यांनी आधी आपलं शेड्यूल आठवडाभर तरी स्थिर ठेवून दाखवावं.

आणि प्रेसवर बारा तास म्हणजे काय, ते ठरवणाऱ्यांनी एकदा उभं राहून पाहावं. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच रॅम (प्रेसचा वरचा सरकता भाग) खाली येतो. हात डायमध्ये राहू नये म्हणून ही सोय. शिफ्ट लांबली, टार्गेट अंगावर आलं, की एका बटणात काडी खुपसून ते दाबलेलं ठेवतात आणि एका हाताने काम ओढतात. बोटं जातात ती अशी. सुपरवायझरला काडी दिसत नाही असं नाही. त्यात कंत्राटी पोरगा चाकणकडून नाशिक रस्त्याच्या ट्रॅफिकमधून येणारा असेल, तर त्याचे बारा तास घरी पोचेपर्यंत पंधरा होतात. दुसऱ्या दिवशी तो कसला नग काढणार? आठवड्याचे तास ४८च राहतील आणि संमती लेखी घेतली जाईल, असं सरकार सांगतं. कंत्राटी मुलाने संमती नाकारली तर पुढच्या महिन्यात तो गेटच्या आत असेल का, हे भोसरीत कुणालाही विचारा.

दर वर्षी १२ फेब्रुवारीपासून राष्ट्रीय उत्पादकता सप्ताह असतो. राष्ट्रीय उत्पादकता परिषद १९५८ सालची. बॅनर लागतात, शपथ होते, निबंधस्पर्धेची बक्षिसं स्टाफलाच मिळतात. त्याऐवजी एक करता येईल. ज्या कारखान्याला बारा तास हवेत, त्याने मागच्या तीन महिन्यांची मशीन बंद राहिल्याची नोंद औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे द्यावी. नोंद नसेल तर परवानगी नको.

तक्ता सोपा आहे, चार रकाने पुरतात: मशीन नंबर, बंद कधी, चालू कधी, कारण. ‘कोणामुळे’ असा पाचवा रकाना मात्र ठेवू नये. तो आला की पहिले चार खोटे भरले जातात.

आपला,
एक निवृत्त प्रेसशॉप सुपरवायझर, भोसरी