माती पाणी कधी पिते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अणुकचरा जमिनीत खोल पुरण्याविषयी आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. कचरा ठेवण्याच्या तांब्याच्या डब्यांबद्दल आणि भोवतालच्या खडकाबद्दल त्यात भरभरून लिहिले आहे. या दोहोंच्या मध्ये जी माती भरतात, तिची बोळवण मात्र 'बेंटोनाइटचा जलरोधक थर' एवढ्या तीन शब्दांत केली आहे. मृदा-यांत्रिकी शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे हे तीन शब्द मनाला लागले. ती माती पुरताना जलरोधक नसते. पाणी प्यायल्यावर ती तशी होते.

स्वीडन आणि फिनलंडच्या आराखड्यात प्रत्येक डब्याभोवती दाबून घट्ट केलेल्या बेंटोनाइटच्या ठोकळ्यांचा सुमारे 35 सेंटिमीटर जाड थर असतो. बसवताना ठोकळ्यांमध्ये सांधे राहतात, खडकाच्या बाजूला फट राहते. खडकातून पाणी झिरपत आले की मातीतले मॉन्टमोरिलोनाइट हे पाणी शोषणारे खनिज फुगते. पण फुगायला जागा नसल्याने ते चहूबाजूंनी रेटू लागते, आणि त्या रेट्याने सांधे बुजतात. मग तिच्यातून पाणी वाहणे जवळपास थांबते आणि विरघळलेले अणू केवळ विसरणाने, म्हणजे प्रवाहाशिवाय आपोआप पसरत, अतिशय सावकाश सरकू शकतात.

अडचण अशी की आतल्या कचऱ्याच्या उष्णतेने डबा तापलेला असतो. त्याच्या लगतच्या मातीतली ओल वाफ होऊन बाहेरच्या गार भागाकडे जाते, तिथे पुन्हा पाणी होते आणि मातीच्या शोषणशक्तीने परत आत ओढली जाते. डब्याजवळची माती सुकते आणि आकसते, खडकाजवळची भिजते आणि फुगते. त्यात सुकलेली माती उष्णता नीट वाहून नेत नाही. तिची उष्णतावाहकता ओल्या मातीच्या निम्म्याहूनही कमी भरते. म्हणजे माती सुकली की डब्याची उष्णता अडून राहते आणि तापमान आणखी वाढते. बेंटोनाइट 100 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचे नाही, ही मर्यादा त्या आराखड्यात पाळली आहे, आणि दोन डब्यांत किती अंतर ठेवायचे हेही मुख्यतः त्यावरूनच ठरते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो काळाचा हिशेब. तापमानाचा कळस डबा पुरल्यावर पहिल्या काही दशकांतच गाठला जातो. खडक घट्ट आणि कोरडा असेल तर माती पूर्ण भिजायला शेकडो, कधी हजारो वर्षे लागू शकतात. म्हणजे उष्णता सर्वाधिक असते तेव्हा माती अर्धवट कोरडी असते. लाख वर्षांच्या गोष्टी करताना या सुरुवातीच्या काळाकडे दुर्लक्ष होते, आणि लेखातही ते झाले आहे.

म्हणून माती तडकेल आणि सारे संपेल, असे मी मुळीच म्हणत नाही. सुकून भेगाळलेले बेंटोनाइट पाणी मिळाले की पुन्हा फुगते. स्वित्झर्लंडमधील ग्रिमझेलच्या भूमिगत प्रयोगशाळेत 'फेबेक्स' प्रयोगात डब्यांच्या जागी बेंटोनाइटमध्ये बसवलेले दोन हीटर 1997 मध्ये सुरू झाले. त्यांचा पृष्ठभाग 100 अंशांवर राखला होता. एक 2002 मध्ये उकरला, दुसरा 2015 मध्ये. 18 वर्षांनीही हीटरजवळचे ठोकळे बाहेरच्यांपेक्षा कोरडेच होते, पण सांधे बुजून गेले होते. संगणकावरच्या कितीही गणितांपेक्षा मला हा उकरून पाहिलेला पुरावा मोलाचा वाटतो.

खरी काळजी आहे ती मर्यादा ओलांडण्याची. तापमान फार वाढले आणि पोटॅशियम मिळाले, तर मॉन्टमोरिलोनाइटचे हळूहळू इलाइट हे दुसरे खनिज होते, आणि इलाइट फुगत नाही. गरम वाफेच्या संपर्काने बेंटोनाइटची फुगण्याची ताकद घटते, हेही 1985 मध्येच प्रसिद्ध झाले आहे. तरीही मर्यादा वाढवता आली तर डबे जवळजवळ ठेवता येतील, बोगदे कमी खणावे लागतील, म्हणून तो मोह होणारच. ग्रिमझेललाच 2021 मध्ये 'हॉटबेंट' प्रयोग सुरू झाला, तो 200 अंशांपर्यंत तापवण्यासाठी. असे प्रयोग पूर्ण मुदत चालू द्यावेत, घाईने निष्कर्ष काढू नयेत, असे मला कळकळीने वाटते.

आपल्याला एक विनंती आहे. 'हॉटबेंट'मधली माती उकरली जाईल तेव्हा 'यशस्वी' किंवा 'अयशस्वी' एवढाच मथळा देऊ नका. हीटरपासून किती अंतरावर किती ओल सापडली आणि ती माती पुन्हा भिजवल्यावर किती फुगली, हे आकड्यांसह छापा.

आपली,
मृदा-यांत्रिकीची एक निवृत्त प्राध्यापिका