पैसा कोणाचा, आणि नकाराधिकार कोणाकडे? : विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

मा. विज्ञान व पर्यावरण मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

हवामानबदलावरच्या संशोधनाला पैसे द्यायचे म्हटले की दोन तक्रारी हटकून पुढे येतात. तापमानवाढ माणसामुळे होते यावर ‘९७ टक्के शास्त्रज्ञांचे एकमत’ हा आकडा बनावट आहे, ही पहिली. ज्याचा पैसा त्याचाच निष्कर्ष, ही दुसरी. आणि ती दोन्ही बाजू एकमेकांवर करतात. दोन्हींत थोडे तथ्य आहे, पण ते तक्रारदार दाखवतात तिथे नाही.

आधी आकडा. २०१३ साली जॉन कुक आणि सहकाऱ्यांनी १९९१ ते २०११ या काळातल्या ११,९४४ शोधनिबंधांचे सारांश तपासले. ६६.४ टक्के सारांशांत तापमानवाढीच्या कारणाबद्दल अवाक्षर नव्हते. ३२.६ टक्क्यांनी माणूस कारणीभूत असल्याचे धरले, ०.७ टक्क्यांनी नाकारले, ०.३ टक्के अनिश्चित राहिले. मत दिलेल्यांपुरते पाहिले तर मान्य करणारे ९७.१ टक्के. यावर आक्षेप असा की, मग खरे एकमत तेहतीस टक्केच! पण पिकावर उष्णतेचा परिणाम मोजणारा निबंध मुळात तापमान का वाढते हे सारांशात सांगत बसत नाही. म्हणूनच कुक यांच्या गटाने लेखकांना स्वतःच्या संपूर्ण निबंधाचे वर्गीकरण करायला सांगितले. असे २,१४२ निबंध आले. त्यांत गप्प राहणाऱ्यांचे प्रमाण ३५.५ टक्क्यांवर उतरले आणि मत देणाऱ्यांतली मान्यता ९७.२ टक्के भरली. गप्प असलेले बोलू लागले तरी गुणोत्तर हलले नाही.

मात्र हा आकडा ताणणारेही कमी नाहीत. तो ‘तापमानवाढ माणसामुळे होते आहे’ एवढ्याच विधानापुरता आहे. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर अखेरीस तापमान किती वाढेल, याचा संभाव्य पल्ला आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक मंडळाच्या २०१३ च्या अहवालात १.५ ते ४.५ अंश होता. २०२१ मध्ये तो २.५ ते ४ वर आला. वाद इथे आहे आणि तो खराखुरा आहे. कोणता कर लावावा, कोणता वीजप्रकल्प बंद करावा, हे तर ९७ टक्क्यांतून अजिबात निघत नाही. (२००९ च्या एका सर्वेक्षणातही ९७ टक्केच आले होते. तिथे ७७ पैकी ७५ तज्ज्ञ ‘हो’ म्हणाले होते. एवढ्या लहान नमुन्याचा आकडा भाषणात न आलेला बरा.)

आता पैसा. २०१५ साली उघड झालेल्या कागदपत्रांनुसार, तापमानवाढीचे खापर सूर्यावर फोडणाऱ्या एका अमेरिकी संशोधकाच्या कामाला जीवाश्म इंधन उद्योगाकडून दशकभरात १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली होती आणि बऱ्याच निबंधांत तिचा उल्लेख नव्हता. याउलट बर्कले अर्थ या तापमान-प्रकल्पाला तेलउद्योगातल्या चार्ल्स कोख यांच्या प्रतिष्ठानाने दीड लाख डॉलर दिले, प्रकल्पप्रमुख रिचर्ड मुलर स्वतः साशंक होते, आणि तरी २०१२ मध्ये निष्कर्ष निघाला की वाढ खरी आहे व माणसामुळेच आहे. एक्झॉन या तेलकंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७७ पासून केलेली भाकिते तपासल्यावर, दशकाला सुमारे ०.२ अंश वाढीचा त्यांचा अंदाज बरोबर ठरल्याचे २०२३ मध्ये दिसले. कंपनी मात्र जाहीरपणे शंका पेरत राहिली. तेव्हा दात्याचे नाव पाहून निबंधाचा खरेखोटेपणा ठरत नाही. निष्कर्ष अडवण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि दुसऱ्या कोणाला तो हिशेब पुन्हा करता येतो का, हे पाहावे लागते.

समुद्राच्या तापमानाचेच घ्या. पूर्वी जहाजावरून कॅनव्हासच्या बादलीने पाणी वर ओढत. थर्मामीटर लावेपर्यंत बाष्पीभवनाने ते गार होई. त्यामुळे जुन्या नोंदी प्रत्यक्षापेक्षा थंड. पुढे इंजिनरूममध्ये आत घेतलेले पाणी मोजू लागले, ते किंचित गरम. नंतर तरंगते बोये (समुद्रात सोडलेली मोजयंत्रे) आले, आणि ते जहाजांपेक्षा सरासरी ०.१२ अंश कमी दाखवतात. तिन्ही सरळ जोडले तर अलीकडची वाढ मंदावल्यासारखी दिसते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी हवामान-समुद्र संस्थेने हा फरक दुरुस्त केल्यावर तिथल्या संसदीय समितीने शास्त्रज्ञांचे ईमेल मागवले. ईमेलमधून ०.१२ बरोबर की चूक हे कसे कळणार? २०१७ मध्ये दुसऱ्या गटाने केवळ बोये, केवळ उपग्रह आणि केवळ आर्गो तरंगयंत्रे (समुद्रात खाली-वर जाऊन तापमान मोजणारी) अशा तीन वेगळ्या मालिका लावल्या. अलीकडचा कल ‘नोआ’च्या दुरुस्तीशीच जुळला. गंमत अशी की बादलीची दुरुस्ती जुने तापमान वर नेते, त्यामुळे शतकभराची एकूण वाढ कच्च्या नोंदींपेक्षा कमी भरते. अनुदानासाठी वाढ फुगवणारा माणूस ही दुरुस्ती कशाला करील?

उलट बाजूचेही उदाहरण आहे. तापमानवाढ दिसत नाही म्हणून दाखवली जाणारी उपग्रहांची मालिका आधी कक्षा खाली घसरल्यामुळे (हे १९९८ मध्ये कळले) आणि मग उपग्रह दिवसाच्या कोणत्या वेळी मोजतो त्याच्या दुरुस्तीतले अधिक-उणे चिन्ह उलटे पडल्यामुळे (२००५) चुकली होती. दोन्ही चुका बाहेरच्या गटाने पकडल्या, कारण त्याच मोजमापांवरून वेगळा हिशेब करायला त्यांच्याकडे माणसे होती, पगार होता.

म्हणून अनुदानाच्या नियमांत पुढील गोष्टी घालाव्यात. अर्जासोबत मागच्या पाच वर्षांतला सगळा निधी लिहून घ्यावा : रक्कम, कालावधी, सल्लागार-मानधन, प्रवासखर्च, समभाग. पैसा मधल्या न्यासामार्फत आला असेल तर मूळ दात्याचे नाव, आणि ते सांगता येत नसेल तर ‘मूळ दाता अज्ञात’ असे स्पष्ट शब्द. नुसते प्रतिज्ञापत्र पुरत नाही. कराराची प्रत जोडायला लावा. तीत मसुद्याला पूर्वमंजुरी, प्रकाशन थांबवण्याचा हक्क किंवा दात्याचे नाव गुप्त ठेवण्याची अट, यांपैकी काहीही असले तर अर्ज परत. शेवटचा दहा टक्के हप्ता कच्च्या नोंदी, दुरुस्त नोंदी आणि दोन्हींमधला संगणकीय कोड खुला झाल्यावरच सोडा. कोड राहिला तर बाकी दोन्ही असून उपयोग नाही. दुरुस्ती कोणत्या पायरीवर झाली हे त्यातच कळते. आणि एकूण निधीचा पाच टक्के भाग फेरतपासणीसाठी वेगळा काढा. ज्या निबंधांवर धोरण उभे आहे तेच आधी घ्या आणि टीकाकारांनाही त्याच अटींवर अर्ज करू द्या.

दोन्ही बाजूंचे दोन-दोन वक्ते समोरासमोर बसवून सुनावणी घ्यावी, असे सल्ले आपल्याला मिळतील. त्यातून वक्तृत्व कळते, ०.१२ कळत नाही.

एक अडचणीचे. आपल्या विभागाच्या अनुदान-करारातही ‘पूर्वपरवानगीशिवाय निष्कर्ष प्रसिद्ध करू नयेत’ असे कलम असू शकते. असे कलम उद्योगाने लिहिले की तो दबाव आणि विभागाने लिहिले की ती शिस्त, असे होत नाही. करार तपासायला घ्याल तेव्हा सुरुवात आपल्याच कपाटापासून करावी.

आपले,
हवामान-नोंदी आणि संख्याशास्त्राचे काही अभ्यासक