उजव्या खांबाचा तो दगड

मिस्त्री, नमस्कार.

परवा परांची उतरली आणि विद्यापीठाच्या आमच्या जुन्या जिमखान्याची दर्शनी भिंत पुन्हा मोकळी झाली. मी बराच वेळ मैदानात उभा राहून तिच्याकडे बघत होतो. हे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुमच्या आधी जे आले, त्यांनी या भिंतीचे हाल केले. दगडांच्या सांध्यांतल्या चुन्याच्या दरजांवर सिमेंट चोपडलं, वर रंग फासला. वर्षभर सगळं चकचकीत. मग ओल आत कोंडली, खार फुटला, दगडाचे पापुद्रे हातात येऊ लागले. जाब विचारला तर म्हणाले, दगडच म्हातारा झालाय. बोलवूनही पुन्हा फिरकले नाहीत. त्या दगडावर त्यांनी टाकलेला आळ मला अजून बोचतो.

तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, दरज दगडाहून मऊ हवी. झिजायचंच तर तिनं झिजावं, ती पुन्हा भरता येते. ते सिमेंट तुम्ही हातानं, छिन्नीनं काढलंत, यंत्र लावू दिलं नाहीत. ताज्या चुन्यावर ओलं गोणपाट टाकलंत आणि ते वाळू नये म्हणून सुट्टीच्या दिवशीही पाणी मारायला आलात. कुणी बघत नसताना.

पण माझ्या मनात राहिलाय तो उजव्या खांबाचा दगड. सामन्याला उतरताना मुलं त्याला हात लावून जातात. मीही लावायचो, माझ्या आधीचेही. त्यानं तो काळा, गुळगुळीत, मधोमध किंचित खोलगट झालाय. सफाईवाला ब्रश घेऊन तिथं पोचला तेव्हा तुम्ही त्याला थांबवलंत आणि मला विचारलंत, "सर, हा डाग कशाचा?" मी सांगितलं. तुम्ही परांचीवरून खाली आलात, हाताचा चुना धुतलात, पुसलात, मग तळवा त्या खळग्यात ठेवलात. म्हणालात, "हा असाच राहू दे."

इतकंच. विचारायला किती वेळ लागतो? तरी इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. कामाला हात घालण्याआधी विचारणारी माणसं भेटली, की माझा जीव भरून येतो.

काल सामना होता. मुलं धावत आली, एकेकानं दगडाला हात लावला आणि मैदानात गेली. पुढच्या सामन्याला तुम्ही या. माझ्या शेजारची जागा तुमच्यासाठी ठेवतो.