अप्पांचा सेट

विश्रामबाग, सांगली
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

अक्कानं अप्पांचा गाणी ऐकायचा सेट विकायचं ठरवलंय. फोनवर सांगितलं असतं तर तू "विकू देऊ नकोस" म्हणून मोकळा झाला असतास आणि माझं निम्मं बोलणं राहून गेलं असतं. म्हणून लिहितोय. आधी सगळं वाच, मग ओरड.

तब्येत ठीक. साखर गोळीवर आहे. आईचे गुडघे तसेच.

वाड्याची मागची भिंत पावसाळ्याआधी काढून बांधायची आहे. २०१९ च्या पुरात धरलेली ओल सुटली नव्हती, तोवर २०२१ ला पुन्हा पाणी आलं. गवंड्यानं आकडा सांगितला त्या संध्याकाळी अक्कानं मला बोलावलं. म्हणाली, "तुला त्यातलं कळतं, किंमत तूच कर. पण माझी दया येऊन वाढवून सांगू नकोस आणि अप्पांची आठवण येऊन कमी करू नकोस." बाप तसाच होता तिचा.

सेट माडीवर होता म्हणून वाचला. मी तो घरी आणून सगळा उघडला. लेंकोच्या, म्हणजे तबकड्या फिरवायच्या यंत्राच्या, सुई धरणाऱ्या हाताखालचे रबरी ठोकळे, जे व्हीच्या आकाराचे असतात, त्यांचं पीठ झालं होतं. एल-७५ चा हा जुना आजारच आहे, नवे ठोकळे मिळतात, बसवले. चाकाचं रबर मात्र अजून मऊ आहे. जवळजवळ चार किलोची ती थाळी हातानं फिरवून सोडली तर किती वेळ फिरत राहते, ते तू बघायला हवं होतंस. क्वाड ३०३ या अँपचे आउटपुटचे मोठे कॅपॅसिटर बदलले, पुरवठा पुन्हा ६७ व्होल्टवर लावला. त्याच्या जोडीच्या ३३ या प्री-अँपच्या आवाजाच्या बटणाची खरखर क्लीनर मारल्यावर गेली. १९६७ सालचं डिझाइन आहे ३०३ चं, चॅनलला फक्त ४५ वॅट, आणि अजून किती स्वच्छ वाजतंय! तू कर्जानं घेतलेला तो लाल-हिरव्या दिव्यांचा म्युझिक सेंटर आठवतो ना? गाणं कमी आणि दिवाळी जास्त. अप्पांनी तो ऐकून तुला चहा पाजला होता, मत दिलं नव्हतं.

स्पीकरचं तुला माहीत आहे. फिलिप्सचे ९७१०, दुहेरी कोनाचे, म्हणजे मोठ्या शंकूत छोटा शंकू. फोमची कड असती तर केव्हाच भुगा झाला असता, पण यांचे कोन ठणठणीत आहेत. खोक्याची मागची फळी उघडली तर आत काकूंच्या जुन्या गोधडीचे तुकडे. किती महिने अप्पा एक तुकडा काढायचे, एक लावायचे आणि आपल्याला समोर बसवून विचारायचे, "आता तंबोरा कुठून येतोय?" मिरजेच्या सतारमेकर गल्लीच्या अंगाला राहणाऱ्या सुताराकडून त्यांनी ती सागवानी खोकी करून घेतली होती. सांधा अजून एका जागी सुटलेला नाही.

आता खरी गोष्ट. मुंबईचा एक व्यापारी येऊन बघून गेला. पहिला प्रश्न, "पुरातला माल नाही ना?" सांगलीचं नाव घेतलं की आता सगळे हेच विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे. ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांत गाळ बसला की वरून कितीही पुसा, तो मशीन कधीतरी दगा देतो. मी झाकण काढून पट्ट्या दाखवल्या, स्क्रू दाखवले. माणूस जाणकार आहे. त्यानं १,१०,००० सांगितले, रोख. आणि मग खोक्यांवर टिचकी मारून म्हणाला, "ही तुमच्याकडंच ठेवा, मी नुसते स्पीकर काढून नेतो."

म्हणजे काय होणार ते बघ. लेंकोचा मूळ हात काढून दुसरा बसवतील, खालचं लाकूड टाकून जड बैठक करतील. ३०३ एकाच्या घरी, ३३ दुसऱ्याच्या. ९७१० कुणीतरी रेडिओच्या दुरुस्तीला नेईल. यात वाईट काही नाही, सुटे भाग जगतात, माझ्याही दुकानातली निम्मी यंत्रं अशाच भागांवर उभी आहेत. शूअर कंपनीनं २०१८ ला कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, बनवणं थांबवल्यापासून तर जुन्या सुईलासुद्धा भाव आलाय. पण हा सेट सुटा केला की त्यातलं काहीच उरत नाही. अप्पांनी अँप, खोकी आणि त्या खोलीची भिंत एकमेकांना लावून घेतली होती. बाजार भागांना पैसे देतो, गोधडीला देत नाही.

दुसरा गिऱ्हाईक एक पोरगा आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी, आजोबा मिरजेच्या उरुसात तबला वाजवायचे. ७०,००० देतो, तेही दोन हप्त्यांत. खोक्यांसकट सगळं हवंय त्याला. मी अब्दुल करीम खाँसाहेबांची ओडियन कंपनीची लाखेची तबकडी काढली (सुई साधीच होती, त्यावर नंतर येतो) आणि मुद्दाम काही बोललो नाही. पोरानं मोबाइलवर तंबोरा लावला, आणि मला न विचारता लेंकोचा वेगाचा खटका हळूहळू सरकवत सूर जुळवला. बंड्या, माझ्या अंगावर काटा आला. जुन्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तबकड्या सगळ्या ७८ वर भरलेल्या नसतात, हे त्याला कुणी सांगितलं असेल? आणि खटका सरकवून वेग हवा तसा लावता येतो म्हणून अप्पांनी लेंको घेतला, हे आपल्या दोघांशिवाय कुणाला माहीत आहे?

जाता जाता: पोराची तबकडी मी म्हणायचो त्याच पट्टीवर थांबली, पेटीच्या काळी एकवर. तू काळी दोन धरून बसला होतास आणि त्यावरून आपला अबोला झाला होता. तुझ्या वेगावर सारंगी चिरकते, हे मी तेव्हाही म्हणत होतो. तू आताही मानणार नाहीस.

तर मधले ४०,००० हा प्रश्न आहे. पोराला दे म्हणून अक्काला सांगितलं, तर माझ्या जीव अडकण्याची किंमत तिच्या भिंतीतून जाते. तिनं नेमकं हेच करू नको म्हणून बजावलंय. फरक मी गुपचूप पोराच्या हातून घातला, तर ते तिला खोटं सांगणं झालं. आणि गप्प बसलो तर येत्या रविवारी तो माणूस पेचकस घेऊन येतो.

मला एकच सरळ वाट दिसते. व्यापाऱ्याला तबकड्या नकोत, पोराला ठेवायला जागा नाही. त्या आपण दोघांनी विकत घ्यायच्या, अक्कासमोर, बाजारभावानं. चाळीस होणार नाहीत, पण नाटकांच्या जुन्या पदांना आणि ओडियनला चांगला भाव आहे. उरलेली तूट तिला समोर बसवून सांगायची आणि तिनं ठरवायचं. हे सांगायला मी चालणार नाही. ती मला गिऱ्हाइकाचा माणूस समजते. भाऊबीजेला ओवाळते तुला. तू ये.

धाकटीचं ठरल्याचं कळलं, फार बरं वाटलं. तारीख कळव. वहिनींच्या शाळेचं काय झालं? घराचे हप्ते संपले असतील आता.

भाव करायचा तर यादी लागेल आणि तबकड्यांची ती यादी तुझ्या अक्षरात तुझ्याकडे आहे, लांब वहीत. अप्पांनी शूअर एम-४४ ची ७८ च्या तबकड्यांसाठीची सुई तुला दिली होती, तीही तुझ्याकडेच. सेट कुणालाही गेला तरी ती त्याच्यासोबत गेली पाहिजे. शनिवारी सकाळच्या गाडीनं निघ, दोन्ही घेऊन. गाडी मिळाली नाही तर आजच कुरियर कर आणि अक्काला फोन लाव.

तुझा,
बाळू